बरणीतलं बी

सुनेत्रा आंबर्डेकरने आयुष्यात एकदाच सूड घेतला. तोही ऑफिसच्या वेळेत, साहेबांच्या लेखी हुकमाने.

दापोलीहून शेतकीची पदविका घेऊन ती नव्वद साली दिल्लीला आली, एका सरकारी शेती संशोधन केंद्रात तांत्रिक सहायक म्हणून. लग्न झालं तेही केंद्र सरकारच्याच नोकरीतल्या शांतारामशी. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला, सुखदा तिथेच वाढली, आता गुरुग्रामला नोकरीला लागली. या सगळ्या वर्षांत सुनेत्राचं काम तेच राहिलं. शास्त्रज्ञ सांगतील ते पेरायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. शास्त्रज्ञ येत आणि बदलून जात. कोणी तांदळाचा, कोणी तुरीचा. ती होती तिथेच होती, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

२०१३ साली दरभंग्याहून मखान्याचं बी आलं. तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले, पंपाच्या खोलीमागे सहा सिमेंटच्या टाक्या रिकाम्या पडल्या आहेत, दिल्लीच्या हवेत जमतंय का बघा. उपासाला तुपात परतायचे पांढरे हलके गोळे, एवढीच सुनेत्राची मखान्याशी ओळख होती. निम्म्या बाजारासारखी तीही त्याला कमळाचं बी समजायची. उन्हाळ्यात टाकीत पहिलं पान उलगडलं तेव्हा ती बघतच राहिली. परातीएवढं पान, वरून हिरवं, खालून जांभळं, आणि दोन्ही बाजूंनी काट्यांनी भरलेलं. देठाला काटे, फळाला काटे. फळं पाण्यातच फुटायची, बिया दोन दिवस तरंगायच्या आणि मग तळाच्या चिखलात जाऊन बसायच्या. तिथून त्या हाताने वेचून काढायच्या.

हे काम श्याम करायचा. श्याम सहनी दरभंग्याकडचा मल्लाह, बापजाद्यांपासून तळ्यात बुडी मारून मखाना काढणाऱ्या घरातला. केंद्रात तो रोजंदारीवर होता. मटारएवढ्या काळ्या बियांना तो गुर्री म्हणायचा. त्या भाजायच्या कशा, लाकडी हातोडीने फोडून आतला लावा, म्हणजे पांढरी लाही, फुलवायची कशी, हे सुनेत्रा त्याच्याकडून शिकली. पहिल्याच हंगामात त्याच्या डाव्या हाताच्या बोटात काटा मोडला. त्याने चार दिवस तंबाखू चोळून काढले, आणि पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. सरकारी दवाखान्यात बोट काढावं लागलं. दोन आठवड्यांनी तो कामावर आला, टाकीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, आप लोग तो बीज का सब कुछ बदल देते हैं. काँटा कम नहीं कर सकते?"

 दुसऱ्या दिवशी सुनेत्रा पट्टी घेऊन टाक्यांपाशी गेली आणि प्रत्येक पानावरचे काटे मोजायला लागली.

हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. कुठल्या प्रकल्पात नव्हतं. ज्या झाडाला जरा कमी काटे, त्याचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या साली तेच लावायचं, त्यातलं पुन्हा निवडायचं. मखान्याचं फूल बहुतेक पाण्याखाली, मिटलेलं असतानाच फळतं, त्यामुळे एका झाडाचं दुसऱ्यात मिसळायची भीती कमी. फक्त वेळ लागतो. वर्षाला एकच पीक. ती मराठीत वही लिहायची, कारण विचार मराठीत यायचे. पहिल्या वहीच्या चौथ्या पानावर तिने लाल पेनने लिहून ठेवलं होतं : "बी कधीही सुकू द्यायचं नाही. काढल्यापासून पेरेपर्यंत पाण्यातच ठेवायचं. वाळवलेल्या चारशे बिया लावल्या, एकही आली नाही."

पाच वर्षांनी काटे निम्म्यावर आले. टाळेबंदीत केंद्र बंद होतं, तेव्हा श्याम अडीच महिने पंपाच्या खोलीत राहिला आणि टाक्या सुकू दिल्या नाहीत. सुनेत्रा पास काढून दर तिसऱ्या दिवशी यायची, त्याच्यासाठी डबा घेऊन. आठव्या पिकाला पानाची खालची बाजू जवळपास गुळगुळीत झाली. वर होते ते काटे बोथट, मांजराच्या पिल्लाच्या नखांसारखे. श्यामने पान उचलून त्याखाली आपला चार बोटांचा हात फिरवला, हात बाहेर काढून उलटसुलट पाहिला, आणि तसाच पाण्यात उभा राहिला.

त्याच वर्षी डॉ. यतीन रणदिवे विभागप्रमुख म्हणून आले. पुण्याचे, वयाने सुनेत्राहून आठ-दहा वर्षांनी लहान. गव्हाचे तज्ज्ञ. दिल्लीत आपलं माणूस साहेब म्हणून आलं याचा सुनेत्राला खरंच आनंद झाला. ती त्यांच्यासाठी उपासाला मखान्याची खीर न्यायची, एरवी तुपात भाजून मेतकूट लावलेले मखाने. यतीन सर केबिनमध्ये डबा उघडून म्हणायचे, "सुनेत्राताई, डॉक्टरने तळलेलं बंद केलंय, तुमच्यामुळे जगतोय. शंभर ग्रॅमला नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं आणि तेलकटपणा नाही. लोकांना कळत नाही हो याची किंमत."

त्यांना मात्र कळली. ते एकदा टाक्यांपाशी आले, पानाखाली हात घालून पाहिला, आणि तिला पंधरा मिनिटं प्रश्न विचारत राहिले. तिने सगळं सांगितलं. काय लपवायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या सभागृहात सादरीकरण होतं. बाहेरून अधिकारी आले होते. पडद्यावर सुनेत्राच्या टाकीचा फोटो आला. मूळ फोटोत तिचा हात होता, पान उचलून धरलेला, बांगडीसकट. पडद्यावर तो मनगटाच्या पुढे कापलेला होता. खाली लिहिलं होतं, कमी काटेरी मखान्याचं नवं वाण, आणि त्याखाली दोन नावं : डॉ. यतीन रणदिवे, आणि त्यांच्या हाताखालचा तरुण शास्त्रज्ञ गौरव. कोणीतरी विचारलं, रोजची देखभाल कोण करतं? यतीन सर हसून म्हणाले, "ये हैं हमारी सुनेत्राजी. टंकियों में पानी-वानी यही डालती हैं."

लोकांनी वळून पाहिलं, टाळ्या वाजवल्या. आणि सुनेत्रा उठून उभी राहिली, हात जोडून नमस्कार केला, आणि खाली बसली.

पुढे कित्येक महिने तिला यतीन सरांच्या वाक्यापेक्षा आपलं ते उठून उभं राहणंच जास्त छळत राहिलं. भाजी चिरताना आठवायचं आणि ती सुरी खाली ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली. "सर, माझं नाव नव्हतं त्यात."

"ताई, तुम्ही टेक्निकल स्टाफ. वाणाच्या अर्जात नावं सायंटिस्टची जातात, नियमच तसा आहे. मी काय करू?"

"नियमात कुठे आहे ते दाखवा."

यतीन सरांचा चेहरा बदलला. "हे बघा, तुम्ही वर्षानुवर्षं परवानगी न घेता सरकारी टाक्यांत स्वतःचे प्रयोग केलेत. ते मी वर कळवलं असतं तर? उलट मी सांभाळून घेतलं तुम्हाला."

आठवड्याभरात तिची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली, ऑक्टोबरअखेरपासून. श्यामचं नाव ठेकेदाराच्या नव्या यादीत आलंच नाही. त्यालाही ऑक्टोबरअखेरपर्यंतच काम होतं.

शांताराम घरी म्हणाला, "जाऊ दे गं. तीन वर्षं राहिलीत तुझी." तो स्वभावाने गरीब माणूस, त्याने स्वतः कितीतरी गोष्टी जाऊ दिल्या होत्या. सुनेत्राने त्याला पोळी वाढली. जाऊ द्यायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं. कसं, ते अजून ठरलं नव्हतं.

ते यतीन सरांनीच ठरवून दिलं. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात पीक काढून झालं, बी बादल्यांत पाण्याखाली होतं. सर पंपाच्या खोलीपाशी आले आणि त्यांनी नाक मुरडलं. "हे काय, बी असं भिजत ठेवलंय? बुरशी लागेल सगळ्याला. नीट सुकवा, ओल दहा टक्क्यांखाली आली पाहिजे. मग काचेच्या बरण्यांत भरून, लेबल लावून माझ्या केबिनमध्ये ठेवा. नोव्हेंबरात वरचे लोक येतायत बघायला. आणि या टाक्या रिकाम्या करून, खरवडून, चुना मारून घ्या. एक दाणा बाहेर जाता कामा नये, ताई. हे आता केंद्राचं वाण आहे."

गव्हाचा माणूस होता तो. गव्हाचं बी असंच ठेवतात.

सुनेत्राने तोंड उघडलं होतं. "सर, मखान्याचं..." एवढं आलंही होतं जिभेवर. पण त्यांनी आधीच पाठ वळवून फोन कानाला लावला होता. ती त्या पाठीकडे पाहत राहिली. मग त्यांचा फोन होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "सर, हे लेखी देता का? चार्ज द्यायचाय ना, कागद लागेल."

"देतो की." आणि त्यांनी दुपारीच दिलं. सुकवणं, बरण्या, टाक्या, चुना, सगळं. खाली सही, तारीख.

तिने आपल्या नऊ वह्या बांधल्या, यादी केली, त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि पोचपावती घेतली. मराठी वाचता येणारा तो केंद्रातला एकमेव साहेब होता. पहिली वही, चौथं पान. त्याने उघडून पाहिलं असतं तर ती हरली असती. तिने मनातल्या मनात ही पैज लावली आणि तिला पक्कं माहीत होतं, तो उघडणार नाही.

मग तिने ताडपत्री अंथरली. दिल्लीतलं ऑक्टोबरचं ऊन स्वच्छ, कोरडं. तीन दिवस तिने स्वतःच्या हातांनी बी हलवलं, खालचं वर केलं, कुठे ओल राहू दिली नाही. तिला रडू आलं नाही. उलट हातांना एक चपळाई आली होती, बऱ्याच वर्षांत नव्हती तशी. तिसऱ्या दिवशी एक बी कानाशी धरून हलवलं. आत गर सुटून कुळकुळ वाजत होता.

श्याम तिथेच उभा होता. पहिल्या दिवशी त्याला वाटलं मॅडमना बरं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, ये बीज है. मर जाएगा."

"साहब का ऑर्डर है."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्याबरोबर नऊ वर्षं पाण्यात उभा राहिलेला माणूस, त्याला समजायला फार वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी टाक्या रिकाम्या करताना चिखल चाळणीतून काढला, कारण तळाशी राहिलेलं बी पुढच्या साली आपोआप उगवतं हे सुनेत्राला माहीत होतं. चाळणीवर दोनेक किलो बी निघालं. काळं, ओलं, जिवंत. श्यामने ओंजळ पुढे केली. "मुट्ठी भर दे दीजिए. गाँव भेज देंगे. किसी को पता नहीं चलेगा."

ती क्षणभर थांबली. हे इथे नोंदवायलाच हवं, कारण पुढे तिने ते स्वतःपासून लपवलं नाही. ती थांबली, आणि तिच्या डोक्यात पुढचं सगळं येऊन गेलं. गावात झाडं येणार, कोणीतरी फोटो काढणार, फोटो फिरत फिरत यतीन सरांपर्यंत जाणार, आणि ते पडद्यावर लावून पुन्हा म्हणणार, आमचं वाण बिहारपर्यंत पोचलं.

"नहीं श्याम," ती म्हणाली. "एक दाना नहीं."

तेही बी ताडपत्रीवर गेलं. श्यामने हात धुतले आणि पुन्हा कधी टाक्यांपाशी आला नाही. महिना पुरा व्हायला अजून चार दिवस होते.

नोव्हेंबरात बरण्यांचं फार कौतुक झालं. डिसेंबरात गौरवने रोपवाटिकेत बी टाकलं. हिसारचा सरळ मुलगा, पदवीपासून गव्हावरच काम केलेला. तो रेकॉर्ड रूममध्ये आला होता विचारायला, "मॅडम, कुछ खास ध्यान रखना है?" सुनेत्रा म्हणाली, "डॉक्टर साहब से पूछ लो." जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तळाला नुसतं शेवाळ धरलं.

यतीन सर फेब्रुवारीच्या शेवटी स्वतः खाली आले. "ताई, बी उगवलं नाहीये."

"असं?"

"काय झालं असेल?"

"मी काय सांगणार, सर. मी पाणी घालायची."

त्यांना अजूनही संशय आला नाही. ही बाई असं काही करू शकेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आणि तोवर पानिपतजवळच्या एका गावातल्या तळ्यावर जुलैमध्ये मोठा कार्यक्रम जाहीर झाला होता, पत्रिका छापल्या होत्या. खरं सांगून मोकळं व्हायची संधी त्यांना होती. त्यांनी मार्चमध्ये गुपचूप दरभंग्याहून साधी रोपं आणवली आणि त्या तळ्यात लावली. गौरवने हे सुनेत्राला कळवळून सांगितलं. ती म्हणाली, "तुम चुप रहो, बेटा. अपना नाम कागज़ से निकलवा लो." त्याने तसा अर्ज लिहून दिला.

जुलैत यतीन सरांचा फोन आला. "ताई, पानिपतला तुम्हीही चला. भंडाऱ्याहून मच्छीमारांची एक तुकडी येतेय, त्यांच्या तलावांत लावायचं म्हणतात. मराठीतून समजावायला कोणीतरी हवं."

"येते की, सर," सुनेत्रा म्हणाली. तिने कपाटातून चांगली नारायणपेठी काढून इस्त्रीला टाकली.

भंडाऱ्याचे लोक सकाळीच काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी जाऊन, डोकं टेकवून आले होते. बारा-पंधरा ढीवर, त्यांच्यात विठ्ठल वलथरे नावाचा सत्तरीचा म्हातारा, पाण्यात आयुष्य गेलेला. तळ्याकाठी मांडव, खुर्च्या, दिल्लीहून आलेले वरिष्ठ अधिकारी, चार पत्रकार. पाण्यावर मोठमोठी पानं पसरली होती. यतीन सर काठावरून बोलत होते, दुरून छान दिसत होतं. कमी काटे, बायकांनाही वेचता येईल, हाताला इजा नाही.

विठ्ठल धोतर खोचून सरळ पाण्यात उतरला. कोणी अडवायच्या आत त्याने एका पानाची कड उचलली आणि लगेच सोडली.

"काटे त आहेत ना जी, साहेब," तो म्हणाला.

"ते वरचे. जुनं पान आहे ते," यतीन सर म्हणाले. "खालून गुळगुळीत असतं."

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मराठीतलं बोलणं विचारून घेतलं आणि हसत म्हणाले, "तो डॉक्टर साहब, आप ही दिखा दीजिए. फोटो भी हो जाएगा."

आता मागे फिरायला जागा नव्हती. यतीन सर पॅन्ट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरले. कॅमेरे वर झाले. सुनेत्रा मांडवाच्या खांबापाशी उभी होती, तिथून त्यांचा चेहरा समोर दिसत होता. त्यांनी पानाखाली हात घातला आणि उचलायचा प्रयत्न केला. तोंडातून आवाज काढला नाही, तेवढं मानायला हवं. पण पान सोडून हात बाहेर काढला तेव्हा तळव्यातून रक्त मनगटापर्यंत उतरलं होतं आणि एक काटा अंगठ्याखाली तसाच उभा होता.

विठ्ठल पुटपुटला, "हे त साधंच हाय."

अधिकाऱ्यांचं हसू गेलं होतं. ते सुनेत्राकडे वळले. "आप तो शुरू से देख रही थीं. ये वही पौधा है?"

दहा महिने ती या प्रश्नाची वाट पाहत होती. "नहीं, सर. ये वो नहीं है."

"तो वो कहाँ है?"

"डॉक्टर साहब की केबिन में है. काँच की बरनी में. मरा हुआ."

पानिपतहून परत येताना ती गाडीत पुढच्या सीटवर बसली होती आणि मागे यतीन सर, हाताला रुमाल बांधून.  सुनेत्राने वाटेत ढाब्यावर चहा मागवला आणि पूर्ण प्यायला. इतका चांगला चहा आपण कित्येक महिन्यांत घेतला नाही, असं तिला वाटलं.

चौकशी हिवाळ्यापर्यंत चालली. तिने लेखी हुकूम दिला, पोचपावती दिली, पहिल्या वहीचं चौथं पान भाषांतरासकट दिलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "आपको मालूम था, तो मुँह से क्यों नहीं बताया?" सुनेत्रा म्हणाली, वह्या दिल्या होत्या, वाचणं त्यांचं काम होतं. बाईंना लिहून घेण्यासारखं काही मिळालं नाही. वाणाचा अर्ज मागे घेतला गेला. यतीन सरांची बढती थांबली आणि त्यांना दूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात पाठवलं.

जायच्या आधी ते रेकॉर्ड रूममध्ये आले. दार लोटून घेतलं.

"वही वाचली मी," ते म्हणाले. "आता वाचली. तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

त्यांना बहुधा नकाराची अपेक्षा होती. ते खुर्चीवर बसले. "माझ्यावर राग होता तर माझ्याशी भांडायचं. पण ते वाण... ताई, तुमचीच आठ-नऊ वर्षं होती ना ती?"

"माझीच होती. म्हणून तर मला मारता आली. तुमची असती तर हात लावला नसता."

"वेड्या आहात तुम्ही."

"असेन. तुमच्या हाती ते जिवंत लागू द्यायचं नव्हतं, सर. नाही लागलं."

ते गेल्यावर तिने रजिस्टर उघडलं आणि उरलेल्या नोंदी पूर्ण केल्या.

घरी सुखदाला सगळं कळलं तेव्हा ती आधी टाळी देऊन म्हणाली, "बिल्कुल बरोबर केलंस, आई. मस्त बदला घेतलास, यार."

"बदला नाही. सूड म्हणतात मराठीत."

"हां, तेच." मग फ्रीजपाशी जाता जाता सुखदा थांबली. "पण मग ती झाडं? कुठेच नाहीत आता?"

"नाहीत."

"म्हणजे श्यामकाका..."  टाळेबंदीत श्यामचा डबा तीच भरायची.

२०२४च्या मार्चमध्ये सुनेत्राला श्याम दिसला. आयएनए मार्केटमध्ये सुक्या मेव्याच्या एका दुकानामागे तो चाळण्या घेऊन मखाने निवडत बसला होता, मोठे वेगळे, बारीक वेगळे. तिने हाक मारली. तो उठून उभा राहिला, स्टूल पुसून तिला दिलं. तिने त्याला पानिपतची हकीकत सांगितली, रक्ताची, बरणीची, बदलीची. ती सांगताना तिच्या आवाजात पुन्हा तोच कैफ चढला. तिला वाटलं होतं तो हसेल. त्यालाही त्याच माणसाने बाहेर काढलं होतं.

श्याम चाळणी हलवत होता. "अच्छा हुआ," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "उसको मारना था तो उसको मारतीं, मॅडम. पौधे को क्यों मारा?"

"छोड़ती तो वो ले जाता."

"ले जाता तो ले जाता. नाम उसका होता. हाथ तो हमारे लोगों का बचता." त्याने तिच्याकडे न बघता पुढचा घाणा चाळणीत ओतला. "मुट्ठी भर माँगा था."

सुनेत्राने पर्स उघडली, बंद केली. म्हणाली, मी पुन्हा सुरुवात करते, दरभंग्याहून बी मागवते, घराच्या गॅलरीत टब ठेवते. तिला स्वतःलाच ऐकू आलं ते कसं वाटतंय ते. तिच्या नोकरीचं एक वर्ष राहिलं होतं. टाक्यांमध्ये नव्या साहेबांनी शोभेची कमळं लावली होती. श्यामने मान हलवली, तुटक नव्हे, अगदी अदबीने. होळीनंतर तो गावी परत जाणार होता. भावाने तळं घेतलं होतं करायला, पाण्यात उतरणारं माणूस कमी पडत होतं.

यतीन सरांबद्दल तिला कधीच वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्यांचा तो हात आठवला की अजूनही तिला बरं वाटतं, आणि हे ती शांतारामपाशी कबूलही करते. पण हल्ली ते आठवलं की त्याच्या मागोमाग दुसरा एक हात आठवतो, ओंजळ केलेला, आणि तो आठवायचा थांबत नाही.

सप्टेंबरात, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत, तिने दुकानातून नंबर मिळवून गावी फोन लावला. श्यामच्या बायकोने उचलला. मागे पावसाचा आवाज होता.

"पानी में हैं," ती म्हणाली. "आप कौन?"

सुनेत्राने नाव सांगितलं.  पलीकडून एकदम ओळख पटल्यासारखा आवाज. "दिल्ली वाली मॅडम? आपकी बहुत बात करते थे. कहते थे, मॅडम के यहाँ बिना काँटे का मखाना बना है. वो कब आएगा, मॅडम? इस बार तो इनका पैर भी कट गया है."

श्यामने घरी सांगितलं नव्हतं. का, ते तिला विचारता येणार नव्हतं.

"वो अब नहीं आएगा," सुनेत्रा म्हणाली.

"अच्छा," ती बाई म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं. दिल्लीहून येणार म्हटलेल्या कितीतरी गोष्टी आल्या नव्हत्या. "लौटेंगे तो बोल दूँगी आपका फ़ोन था."

"पैर पर पट्टी बाँधी है?" सुनेत्राने विचारलं. "गंदे पानी में वैसे ही मत उतरने देना. दवाखाने ले जाओ."

"कहते हैं काम ख़तम करके जाएँगे," ती म्हणाली, आणि मग कोणीतरी तिला हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.